रस्ता, अस्वल आणि डीएनए : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जंगलातून जाणाऱ्या रस्त्याचा पर्यावरण अहवाल हाती आला की त्यातलं 'जनुकीय अभ्यास' हे प्रकरण बहुतेक जण उलटून पुढे जातात. सुनावणीत हरकत नोंदवायची असेल, बातमी लिहायची असेल किंवा वनखात्यासोबत काम करायचं असेल, तर नेमकं तेच प्रकरण नीट वाचता आलं पाहिजे. मुंबईतल्या वाचकांकडून पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे घेतले आहेत.

मुंबईच्या आसपास अस्वल नाही. मग मुंबईकराने यात का पडायचं?

बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात बिबट्या आहे, अस्वल नाही, हे खरं. आपल्या राज्यातली अस्वलं मेळघाटात, बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात, पेंच, नवेगाव-नागझिरा आणि ताडोबाच्या जंगलांत आहेत. दक्षिणेला कोल्हापूर-सिंधुदुर्गाच्या सह्याद्रीतही आहेत. पण या जंगलांतून जाणाऱ्या रस्त्यांचे बरेच निर्णय मुंबईत होतात. राज्य वन्यजीव मंडळाचे अध्यक्ष मुख्यमंत्री असतात. ७०१ किलोमीटरच्या समृद्धी महामार्गाचं एक टोक नागपूरला आहे आणि दुसरं आपल्या दारात, भिवंडीजवळ आमणे इथे. त्या रस्त्याने आपण प्रवास करणार असू, तर त्याच्या दोन्ही बाजूंच्या जनावरांचं काय होतं हेही आपण विचारायला हवं.

दुसरं असं की पद्धत तीच आहे. अस्वलासाठी जे शिकाल ते घोडबंदर रस्त्यावरच्या बिबट्याला लागू पडतं. त्यावर शेवटी लिहिलं आहे.

रस्त्याखाली जंगलाची जागा फार थोडी जाते. मग 'जंगल तुटलं' असं का म्हणतात?

तोडलेल्या हेक्टरांत हे नुकसान मावत नाही. वीस मीटर रुंदीच्या डांबरी पट्ट्यापेक्षा त्यावरची वाहनं, त्यांचे दिवे, मधला काँक्रीटचा दुभाजक, कडेचे ढाबे आणि कुंपण यांचा अडथळा मोठा असतो. अस्वल बहुतेक रात्री आणि पहाटे फिरतं. मालवाहू ट्रकांची गर्दीही त्याच वेळची. मादी पिल्लांना पाठीवर घेऊन फिरते. आपल्याकडच्या अस्वलाची ही खासियत आहे, आणि म्हणूनच एका धडकेत आई आणि एक-दोन पिल्लं असा सगळा संसार संपू शकतो.

वाहतूक वाढत गेली की जनावर आधी रस्त्यावर मरतं आणि पुढे रस्त्याकडे फिरकेनासं होतं. म्हणून 'आता अपघात कमी झाले' ही आनंदाची बातमी असेलच असं नाही. ओलांडणारंच कोणी उरलं नसेल, तरी अपघातांचा आकडा खाली येतो.

कॅमेरा ट्रॅप (प्राणी समोरून गेला की आपोआप फोटो काढणारे कॅमेरे) आहेत ना? डीएनएची काय गरज?

बिबट्याच्या ठिपक्यांची आणि वाघाच्या पट्ट्यांची नक्षी प्रत्येक जनावराची वेगळी असते. संजय गांधी उद्यान आणि आसपासच्या भागात २०१५ साली ३५ बिबटे मोजले गेले ते या ठिपक्यांवरूनच. अस्वल अंगभर काळं. छातीवर पांढुरकी, इंग्रजी 'व्ही' किंवा 'यू'सारखी खूण असते, पण कॅमेऱ्यासमोरून ते मान खाली घालून, जमीन हुंगत जातं आणि ती खूण दिसतच नाही. अंडरपासमध्ये महिन्याभरात अस्वलाचे चाळीस फोटो आले, तर ती चाळीस अस्वलं की एकच अस्वल चाळीस वेळा, हे फोटो सांगू शकत नाही. विष्ठेतला किंवा केसातला डीएनए सांगतो. शिवाय ते जनावर नर आहे की मादी आणि कोणाचं पिल्लू आहे, हेही सांगतो.

कॅमेरे काढून टाका असं कोणी म्हणत नाही. रोज किती वेळा आणि किती वाजता ओलांडलं जातं हे कॅमेराच सांगणार. दोन्ही लागतात.

अस्वलाने रस्ता ओलांडला, म्हणजे झालंच की?

नाही. ओलांडणं आणि पलीकडे जाऊन प्रजनन करणं यांत फार अंतर आहे. २०१९ मध्ये टिपेश्वर अभयारण्यातून निघालेला, गळ्यात माग काढणारा पट्टा म्हणजे कॉलर लावलेला तरुण वाघ सुमारे १,३०० किलोमीटर चालून ज्ञानगंगा अभयारण्यात पोहोचला. शेतं, गावं, रस्ते सगळं ओलांडून गेला. पण तिथे त्याला जोडीदार मिळाली नाही. नकाशावर भ्रमणमार्ग सिद्ध झाला, जनुकांच्या हिशेबात मात्र भर पडली नाही.

याचं सर्वांत चांगलं मोजमाप कॅनडातल्या बँफ राष्ट्रीय उद्यानात झालं. तिथल्या ट्रान्स-कॅनडा महामार्गावर प्राण्यांसाठी पूल आणि भुयारं आहेत. त्यांतल्या २० ठिकाणी तीन वर्षं केस गोळा केले गेले आणि आजूबाजूच्या अस्वलांचे नमुनेही घेतले गेले. २०१४ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. ही बांधकामं वापरणाऱ्या काळ्या अस्वलांपैकी ४७ टक्के आणि ग्रिझलींपैकी (तिथली मोठी तपकिरी अस्वलं) २७ टक्के अस्वलांची पिल्लं पालकत्व चाचणीत सापडली. 'आमचा पूल चालतो' हे म्हणायचं असेल तर असा पुरावा लागतो. आपल्याकडच्या बहुतेक अहवालांत 'प्राण्यांनी वापर केल्याचे आढळले' एवढ्यावर विषय संपवतात. आमच्या मते ती अर्धीच तपासणी आहे.

रस्ता होऊ द्या, मग पाच वर्षांनी डीएनए तपासू. यात चूक काय?

या पानावरचा सर्वांत महत्त्वाचा प्रश्न हाच, म्हणून थोडं गणित करू.

दोन गट किती वेगळे झाले हे 'एफएसटी' या आकड्याने मोजतात. शून्य म्हणजे काही फरक नाही, एक म्हणजे पूर्ण वेगळे. समजा रस्त्यामुळे एका कळपाचे दोन भाग झाले, दोन्हीकडे प्रत्यक्ष प्रजननात भाग घेणारी १०० अस्वलं आहेत आणि येणं-जाणं पूर्ण थांबलं. अशा वेळी हा आकडा दर पिढीला साधारण १ भागिले २०० एवढाच, म्हणजे ०.००५ ने वाढतो. पाच पिढ्यांनंतर तो ०.०२५ च्या आसपास असेल. अस्वलाची पिढी ८ वर्षांची धरली तर पाच पिढ्या म्हणजे ४० वर्षं! मोजक्या मार्करांवर (डीएनएवरच्या तपासायच्या ठरावीक जागांवर) आणि थोड्या नमुन्यांवर एवढी तफावत सहज निसटते.

गट लहान असेल, म्हणजे प्रत्येक बाजूला प्रजनन करणारी २५ अस्वलं, तर हाच वेग दर पिढीला ०.०२ होतो आणि ४० वर्षांत आकडा ०.१ च्या जवळ जातो. तोवर प्रत्येक गटाने स्वतःच्या जनुकीय विविधतेतला सुमारे दहावा भाग गमावलेला असतो, आणि तो परत मिळत नाही.

म्हणून रस्ता झाल्यावर पाचव्या वर्षी 'जनुकीय फरक आढळला नाही' असं लिहिणं म्हणजे कालच धरण बांधून आज खालच्या विहिरींना पाणी आहे असं सांगणं. तो फरक आज दिसूच शकत नाही. नमुने रस्त्याच्या आधी घ्यायला हवेत. तेव्हाचे नमुने जपून ठेवले तरच पुढे तुलना होऊ शकते. एकदा रुंदीकरण झालं की ती संधी कोणत्याही निधीने विकत घेता येत नाही.

मग लवकर कळण्याचा काही मार्गच नाही?

आहे. गटाच्या सरासरीऐवजी एकेका जनावराकडे पाहायचं. पूर्वेकडे जन्मलेलं कोणतं अस्वल आज पश्चिमेकडे सापडतं, आई एका बाजूला आणि तिचं पिल्लू दुसऱ्या बाजूला असं किती वेळा दिसतं, हे मोजायला पिढ्यांची वाट पाहावी लागत नाही. पालकत्व आणि जवळच्या नात्यांची चाचणी चार-पाच वर्षांच्या नमुन्यांतही रस्त्याचा परिणाम दाखवू शकते. पण त्यासाठी दोन्ही बाजूंची बरीचशी अस्वलं नमुन्यात आलेली असावी लागतात. आईच नमुन्यात नसेल तर पिल्लाचं गाव कळणार नाही.

नमुने कसे घेतात? प्राण्याला बेशुद्ध करावं लागतं का?

लागत नाही. आपल्या अस्वलासाठी विष्ठा हाच मुख्य नमुना. आतड्याच्या आतल्या अस्तराच्या पेशी विष्ठेच्या बाहेरच्या थरावर चिकटून येतात. डीएनए त्यात असतो.

काळ निवडणं अर्धं काम आहे. हिवाळा उत्तम : हवा कोरडी, ऊन सौम्य. मार्च-एप्रिलमध्ये मोहफुलांच्या दिवसांत विष्ठा भरपूर मिळते, पण कडक उन्हात अतिनील किरणांनी डीएनए भराभर तुटतो, म्हणून पहाटेच फिरावं लागतं. पावसाळ्यात काम करू नये. एका सरीत बाहेरचा थर धुऊन जातो आणि प्रयोगशाळेत फक्त निराशा पोहोचते.

जंगलातले कच्चे रस्ते, पाणवठ्याकडे जाणाऱ्या पायवाटा, वारुळांच्या जागा आणि मोहाची झाडं यांभोवती ठरलेल्या वाटांवरून दर १०-१५ दिवसांनी फिरायचं. पहिल्या फेरीत जुनी विष्ठा बाजूला करून वाट साफ केली की पुढच्या फेरीत मिळेल ती जास्तीत जास्त १५ दिवसांची, हे नक्की होतं.

नमुना घेण्याचा क्रम असा :

१. नवे हातमोजे घाला. प्रत्येक नमुन्याला नवी जोडी. यात काटकसर केली तर दोन अस्वलांचा डीएनए मिसळतो आणि तिसरंच, अस्तित्वात नसलेलं अस्वल जन्माला येतं.

२. फोटो काढा, जीपीएसवर जागा नोंदवा, विष्ठेची स्थिती लिहा : ओलसर, कोरडी, बुरशी आलेली. आत काय दिसतं तेही लिहा, बोरांच्या बिया, बहाव्याचा गर, वाळवीची डोकी, माती.

३. निर्जंतुक स्वॅब (कापसाचा बोळा लावलेली काडी) बफर नावाच्या द्रावणात किंचित ओला करून बाहेरच्या गुळगुळीत, चकाकणाऱ्या भागावरून फिरवा. मधला भाग उकरू नका. तिथे अन्नच जास्त. जमिनीला टेकलेली बाजूही टाळा.

४. स्वॅब लायसिस बफरच्या, म्हणजे पेशी फोडून डीएनए मोकळा करणाऱ्या द्रावणाच्या, कुपीत टाका. बफर नसेल तर बाहेरचा थर खरवडून त्याच्या चौपट आकारमानाच्या ९५ टक्क्यांवरच्या इथेनॉलमध्ये बुडवा. कमी इथेनॉलमध्ये विष्ठेतलं पाणी मिसळून तीव्रता उतरते आणि नमुना आतून कुजतो. ही चूक फार वेळा होते.

५. कुपीवर पेन्सिलीने लिहिलेली चिठ्ठी आतून आणि बाहेरून, दोन्हीकडे. मार्करची शाई इथेनॉलने पुसली जाते आणि मग सगळा डबाच निनावी होतो.

६. प्रत्येक जागेवर दोन कुप्या. एक प्रयोगशाळेत, दुसरी उणे २० अंशांत जपून ठेवण्यासाठी. रस्त्याआधीचा नमुना परत मिळणार नाही, हे इथे आठवावं.

केसांचं काय? परदेशात तर काटेरी तारेने केस गोळा करतात.

तिथे वासाचं आमिष मधोमध ठेवून भोवती झाडांना जमिनीपासून सुमारे ५० सेंटीमीटर उंचीवर काटेरी तार बांधतात. अस्वल तारेखालून किंवा वरून जातं आणि काट्यात केस अडकतात. केसाच्या मुळाशी असलेल्या पेशींत डीएनए असतो, नुसत्या काडीत नगण्य. ग्रिझलीला दाट मऊ अंतर्लोकर असते, त्यामुळे पुंजके मिळतात. आपल्या अस्वलाचे केस लांब आणि झिपरे, अंतर्लोकर नाही. मुळासकट निघालेले निदान पाच-दहा लांब केस हवेत.

आपल्या जंगलांत गुरं चरतात, माणसं मोहफुलं आणि तेंदूपानं वेचायला जातात. तिथे काटेरी तार बांधणं आम्हाला मान्य नाही. ज्या झाडांवर अस्वलं अंग घासतात ती शोधून सालीत अडकलेले केस चिमट्याने काढावेत. केस कागदी पाकिटात, सोबत सिलिका जेलची पुडी. प्लास्टिकची पिशवी नको. त्यात दमट हवा कोंडते आणि बुरशी येते.

स्वयंसेवक म्हणून आम्ही सुट्टीत जाऊन नमुने आणू का?

परवानगीशिवाय अजिबात नाही. अस्वल वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहे. अभयारण्यात संशोधनासाठी वनखात्याची लेखी परवानगी लागते आणि वन्यजीव विभागाचं मुख्यालय नागपूरला आहे. शिवाय पहाटे, पायी, दाट झुडपातून अचानक अस्वलासमोर जाणं जिवावर बेतू शकतं. पिल्लं सोबत असलेली मादी पळण्यापेक्षा हल्ला करते. सोबत स्थानिक वनरक्षक किंवा वनमजूर हवाच. विष्ठा अस्वलाची की कोल्ह्याची, हे तेच तुमच्या आधी ओळखतात.

मुंबईत बसून करण्यासारखं काम भरपूर आहे : जुन्या नोंदी संगणकावर चढवणं, रस्त्यावरच्या मृत प्राण्यांच्या बातम्या तारीख-ठिकाणासह जमवणं, अहवाल वाचून मराठीत गोषवारा करणं.

प्रयोगशाळेत काय होतं?

पहिली पायरी, विष्ठा अस्वलाचीच आहे का. बोरं-जांभळांच्या दिवसांत कोल्हा आणि उदमांजराची विष्ठाही बियांनी भरलेली असते. मायटोकाँड्रियाच्या (पेशीत ऊर्जा तयार करणाऱ्या भागाच्या) डीएनएचा शंभर-दोनशे अक्षरांचा छोटा तुकडा पीसीआरने, म्हणजे डीएनएच्या असंख्य प्रती काढणाऱ्या पद्धतीने, वाढवून प्रजाती ठरवतात. तुकडा छोटा घेतात, कारण विष्ठेतला डीएनए तुटकाच असतो.

दुसरी पायरी, कोणतं अस्वल. यासाठी ८ ते १५ मायक्रोसॅटेलाइट (डीएनएतली पुन्हा पुन्हा येणारी छोटी अक्षरमालिका, जिची लांबी मोजतात) किंवा शंभरच्या आसपास एसएनपी (डीएनएतल्या एकेका अक्षराचा फरक) मार्कर वापरतात. कसोटी अशी की दोन सख्ख्या भावंडांचा जनुकीय ठसा योगायोगाने सारखा निघण्याची शक्यता १०० त १ पेक्षा कमी असावी. १,००० त १ असेल तर उत्तम. नव्याने सुरुवात करणाऱ्यांनी आता एसएनपीकडे जावं. मायक्रोसॅटेलाइटचा आकडा यंत्रागणिक थोडा हलतो, त्यामुळे एका प्रयोगशाळेची माहिती दुसरीच्या माहितीशी जोडायची तर तेच नमुने दोन्हीकडे चालवून मेळ बसवावा लागतो. आज घेतलेली नोंद वीस वर्षांनंतरच्या नोंदीशी जुळवायची असेल तर हा मुद्दा निर्णायक आहे.

आता काय बिघडतं ते.

फळं खाल्लेल्या विष्ठेतली रसायनं आणि वाळवीसोबत पोटात गेलेली माती पीसीआर अडवतात. डीएनए असूनही नमुना कोरा दिसतो. अर्क दहापट पातळ करून पाहणं किंवा मिश्रणात बीएसए हे प्रथिन घालणं, हे दोन सोपे उपाय आधी करावेत आणि मगच नमुना बाद ठरवावा.

डीएनए फार कमी असेल तर आई आणि वडील यांच्याकडून आलेल्या दोन प्रतींपैकी एकच दिसते. याला अ‍ॅलील गळणं म्हणतात. त्यामुळे एकाच अस्वलाच्या दोन विष्ठा दोन वेगळी अस्वलं भासतात, संख्या फुगते, आणि फुगलेली संख्या रस्त्याच्या बाजूने वापरली जाते. उपाय म्हणजे प्रत्येक मार्कर तीन-चार वेळा स्वतंत्रपणे चालवणं, आणि प्रत्येक फेरीत डीएनए नसलेली कोरी कुपी ठेवणं. कोऱ्या कुपीत अस्वल दिसलं तर त्या दिवसाचं सगळं काम रद्द.

नर-मादी ठरवण्याची चाचणी कधीही वगळू नये. कारण पुढच्या प्रश्नात आहे.

नर-मादी वेगळं मोजण्याने काय फरक पडतो?

अस्वलांमध्ये तरुण नर लांब जातात, मादी साधारणपणे आईच्या आसपासच राहते. वर्षाकाठी एखादा नर रस्ता ओलांडून पलीकडे प्रजनन करत असेल, तर जनुकीय तफावत कमीच दिसेल आणि अहवाल 'संपर्क चांगला' म्हणेल. पण नर पिल्लं वाढवत नाहीत. पलीकडचा गट शिकारीने किंवा वणव्याने खालावला, तर तो पुन्हा भरून काढायला माद्याच जाव्या लागतात. कॅनडाच्या दक्षिणेकडच्या हायवे ३ वर ग्रिझलींच्या बाबतीत हेच दिसलं : नरांचं येणं-जाणं कमी झालं होतं, माद्यांचं जवळजवळ थांबलं होतं.

'पिढीला एक स्थलांतरित पुरे' हा नियम अहवालांत सर्रास येतो. तो फक्त जनुकीय विविधतेपुरता आहे. गट टिकेल की नाही, याचं उत्तर तो देत नाही.

किती नमुने लागतात?

रस्त्याच्या प्रत्येक बाजूला निदान २५ ते ३० वेगवेगळी अस्वलं. लक्षात घ्या, नमुने नव्हे, अस्वलं. एकाच अस्वलाची विष्ठा पुन्हा पुन्हा मिळते आणि काही नमुने प्रयोगशाळेत बाद होतात, त्यामुळे ३० अस्वलांसाठी शंभरावर विष्ठा गोळा कराव्या लागतात. त्या भागात तेवढी अस्वलंच नसतील, तर जी आहेत ती सगळी मिळवण्याचा प्रयत्न करायचा आणि सरासरीवर न बोलता नात्यांवर बोलायचं.

या माहितीवरून रस्त्यात पूल नेमका कुठे हवा हे कसं ठरतं?

नकाशाचे छोटे चौकोन करतात आणि प्रत्येक चौकोनाला 'इथून जाणं किती अवघड' याचा अंक देतात. दाट जंगलाला कमी, शेताला जास्त, चौपदरी रस्त्याला आणि वस्तीला खूप जास्त. मग विजेचा प्रवाह जसा कमी रोधाच्या वाटांनी वाहतो, तशी जनावरांची ये-जा कुठून होईल याचा हिशेब संगणक करतो. इथवर सगळा अंदाज. जनुकीय माहिती इथे न्यायाधीशाचं काम करते : ज्या अंकांनी काढलेलं 'अवघड अंतर' अस्वलांमधल्या प्रत्यक्ष जनुकीय अंतराशी सर्वांत चांगलं जुळतं, ते अंक ठेवायचे. त्या नकाशावर प्रवाह जिथे चिंचोळा आणि दाट होऊन रस्त्याला भेटतो, तिथे पूल.

वाघासाठी काढलेला नकाशा अस्वलासाठी वापरू नये. मध्य भारतातल्या वाघ, बिबट्या, अस्वल आणि रानमांजर या चार प्राण्यांची अशी शेजारी-शेजारी तुलना २०२० मध्ये प्रसिद्ध झाली. तेच जंगल आणि तेच रस्ते असूनही चौघांवरचा परिणाम वेगवेगळा निघाला. आपल्याकडे बहुतेक उपाय वाघ डोळ्यांसमोर ठेवून आखले जातात आणि 'बाकीच्यांनाही चालेल' असं गृहीत धरलं जातं.

अहवाल वाचताना गडबड कशी ओळखावी?

आधी नमुन्यांचा नकाशा पाहा. रस्त्यापासून ३० किलोमीटर इकडे आणि ३० किलोमीटर तिकडे नमुने घेतले आणि मधे एकही नाही, तर लांब राहणारी जनावरं मुळातच थोडी वेगळी असतात म्हणून संगणक मधे रेघ मारेल. ती रेघ रस्त्याची आहे की नुसत्या अंतराची, हे सांगता येणार नाही. ही चूक रस्त्याच्या विरोधातल्या अहवालांतही असते. तीही तेवढ्याच ठामपणे दाखवून द्यावी, नाहीतर सुनावणीत समोरचा तज्ज्ञ ती दाखवेल.

मग पाहा, एकाच कुटुंबाचे नमुने किती. एक मादी आणि तिची दोन मोठी पिल्लं यांच्याच दहा विष्ठा असतील तर त्यांचा वेगळा 'गट' दिसतो. आणि रस्त्याचं वय बघा. तीन वर्षांच्या रस्त्यावर 'फरक नाही' लिहिलं असेल तर मागे केलेलं गणित आठवा.

भुयारी मार्ग अस्वलाला चालतो का? कसा असावा?

चालतो, पण पावसाच्या पाण्यासाठी टाकलेल्या पाइपला 'प्राण्यांचा मार्ग' म्हटलं म्हणून तो होत नाही. पेंचजवळ राष्ट्रीय महामार्ग ४४ वर उंच खांबांवर रस्ता उचलून खाली ५० ते ७५० मीटर रुंदीच्या मोकळ्या जागा सोडल्या आहेत आणि तिथून वाघांसह अनेक प्राणी जाताना कॅमेऱ्यांत नोंदले गेले आहेत. जमीन नैसर्गिक मातीची हवी, काँक्रीटचा तळ किंवा मोठे दगड नकोत. दोन्ही तोंडांशी झुडपं हवीत. वर आवाज आणि दिवे अडवणारी भिंत हवी.

कुंपणाशिवाय पूल निरुपयोगी, कारण जनावर जवळच्या वाटेने थेट रस्त्यावर चढतं. बँफमध्ये २.४ मीटर उंच जाळी आहे आणि तिची खालची कड जमिनीत पुरलेली आहे. आपल्या अस्वलाची नखं वारूळ फोडायची, त्यामुळे न पुरलेली जाळी ते उकरणारच. जाळी कुठे संपते तेही महत्त्वाचं. ती उघड्या जंगलात संपली तर अपघात फक्त त्या टोकाला सरकतात.

आणि रात्री खाली ट्रॅक्टर, दारूचे अड्डे किंवा पार्किंग सुरू झालं तर सगळा खर्च वाया. देखभालीचं नाव, पद आणि निधी मंजुरीच्या अटींतच लिहून घ्यावा. रस्ता आधीच झालेला असेल आणि पूल शक्य नसेल, तर रात्रीची वाहतूक थांबवणं हा खरा उपाय आहे. बंदीपूरच्या जंगलात २००९ पासून रात्री ९ ते सकाळी ६ महामार्ग बंद असतो.

रस्त्यापलीकडे माणसांनीच एखादं अस्वल नेऊन सोडलं तर?

अनोळखी जंगलात सोडलेलं अस्वल बहुधा परत निघतं, आणि वाटेत तोच रस्ता आणि गावं लागतात. सुटका केलेल्या दरवेशांच्या अस्वलांना तर मुळीच सोडता येत नाही. त्यांचे दात काढलेले असतात. त्यांचे केस मात्र उपयोगी पडतात : ठाऊक असलेल्या जनावरावर चाचणी बरोबर चालते का, हे तपासण्यासाठी.

संजय गांधी उद्यानातल्या बिबट्यांसाठी हे कसं वापरता येईल?

सुमारे १०४ चौरस किलोमीटरच्या या उद्यानाचा नागला भाग घोडबंदर रस्त्याने तोडलेला आहे. पुढे वसईची खाडी, पलीकडे वसई-दिवा रेल्वे, मुंबई-अहमदाबाद महामार्ग, आणि मग तुंगारेश्वर व तानसाचं जंगल. वाट अवघड आहे, पण बंद नाही. २००९ मध्ये माळशेज घाटात कॉलर लावून सोडलेला 'आजोबा' नावाचा बिबट्या सुमारे १२० किलोमीटर चालून मुंबईच्या या जंगलात आला होता. २०११ मध्ये तो वाहनाच्या धडकेने मेला.

इथे करण्यासारखा अभ्यास असा : घोडबंदर रस्त्याच्या दोन्ही बाजूंना आणि तुंगारेश्वरात बिबट्याची विष्ठा, प्रत्येक भागात २५ जनावरांपर्यंत पोहोचण्याचं लक्ष्य, आणि ओळख डीएनए व ठिपके दोन्हींनी. बिबट्याच्या बाबतीत हा फायदा आहे, कॅमेऱ्याचा आणि डीएनएचा हिशेब एकमेकांना तपासतो. रस्त्यावर मेलेल्या प्रत्येक बिबट्याचा स्नायूचा तुकडा इथेनॉलमध्ये ठेवायलाच हवा. विष्ठेपेक्षा त्यातला डीएनए कितीतरी चांगला असतो.

सूचना-हरकतीत नेमकं काय लिहावं?

पर्यावरण परिणाम अधिसूचना, २००६ नुसार जाहीर सुनावणीआधी निदान ३० दिवसांची नोटीस द्यावी लागते. वनजमीन आणि वन्यजीव मंजुरीचे प्रस्ताव केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाच्या 'परिवेश' संकेतस्थळावर पाहता येतात. 'वन्यजीवांची काळजी घ्यावी' अशा मोघम वाक्याला 'घेण्यात येईल' एवढंच उत्तर मिळतं. त्याऐवजी, किलोमीटर क्रमांक देऊन, हे विचारा :

रस्त्याचं काम सुरू होण्याआधी दोन्ही बाजूंचे जनुकीय नमुने घेतले आहेत का? किती वेगवेगळी जनावरं, त्यांत माद्या किती? नमुने कोणत्या संस्थेत, कोणत्या तापमानाला जपले आहेत? पूल कुठे हवा हे कोणत्या प्राण्याच्या माहितीवरून ठरवलं? पूल झाल्यावर पाचव्या आणि दहाव्या वर्षी पालकत्व चाचणी करण्याची अट आणि निधी मंजुरीत आहे का? पलीकडे प्रजनन झाल्याचा पुरावा मिळाला नाही तर पुढे काय केलं जाईल?

अर्ज मराठीत लिहिला तरी चालतो. पोच घ्या, आणि सुनावणीच्या इतिवृत्तात तुमचा प्रश्न जसाच्या तसा आला आहे का ते तपासा. आला नसेल तर लगेच लेखी कळवा. पुढे प्रकरण न्यायाधिकरणात गेलं तर ती पोच आणि ते पत्रच कामी येतं.